लक्झेंबर्ग: दरडोईतली ही डोई नक्की कुणाची?

खिडकीतली_मनी
नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नवऱ्याला लक्झेंबर्गहून नोकरीची ऑफर आलीये, दोन आठवड्यांत कळवायचंय. मी रोज रात्री मुलं झोपली की आकडे वाचत बसते आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो. देश केवढा, तर २,५८६ चौरस किलोमीटर, उभा ८२ किमी आणि आडवा ५७. माणसं २०२५ च्या सुरुवातीला ६ लाख ८२ हजार, म्हणजे आमचं एकटं पिंपरी-चिंचवड त्याच्या दुपटीहून मोठं. दरडोई उत्पादन १ लाख ३० हजार डॉलरच्या आसपास, जगात अगदी वरचं. इथवर ठीक. पण मग दरडोई दारूच्या विक्रीतही वर, दरडोई पेट्रोल-डिझेलमध्येही वर, हजार माणसांमागे पावणेसातशेच्या आसपास गाड्या, आणि त्याच देशात २०२० पासून बस, ट्रेन, ट्राम सगळं फुकट! वर आणखी एक, की जगातले सगळे लोक यांच्यासारखे राहायला लागले तर पृथ्वीची वर्षभराची पुंजी फेब्रुवारीतच संपेल म्हणे.

माझ्या डोळ्यांसमोर असा देश येतो की प्रत्येक जण सकाळी दोन पेले लावून एकाच वेळी दोन गाड्या चालवतोय आणि मागून रिकामी फुकट बस येतेय. तिथे राहणारं कुणी आहे का इथे? रोजचं जगणं कसं असतं? मुलं ९ आणि ४ वर्षांची आहेत.

चहाबाज
दोन गाड्या एकाच वेळी... हसून हसून पुरेवाट. पहिला धागा वाटत नाही हो.

आकडेमोडे
मनीताई, तुमचे आकडे बरोबर आहेत, भागाकार फसवा आहे. लग्नघरात माणसं सहा आणि पंगतीत पाचशे पानं उठली. आता जिलब्यांना घरातल्या माणसांनी भागा. दरडोई किती आल्या? आणि त्यावरून त्या घराला मधुमेह आहे असं ठरवा. लक्झेंबर्गचं अगदी हेच होतं. तिथे काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जरासे कमी, साधारण २ लाख ३० हजार लोक, रोज सकाळी फ्रान्स, जर्मनी, बेल्जियममधून येतात आणि संध्याकाळी आपापल्या देशात झोपायला जातात. यात निम्म्याहून जास्त फ्रान्सचे, बाकीचे दोन देश साधारण सारखे. त्यांनी दिवसभर जे कमावून दिलं ते भागाकारात वर, आणि खाली मात्र फक्त रात्री तिथे झोपणारे. म्हणून दरडोई उत्पादन बघायचं नाही, देशाबाहेर जाणारे पगार आणि नफा वजा करून राष्ट्रीय उत्पन्न बघायचं, ते बरंच खाली येतं. तरीही श्रीमंतच आहेत, पण जगावेगळे नाहीत.

शंकेखोर
म्हणजे आकडा सोयीचा नसला की भागाकार चुकीचा. पगार बाहेर जातात हे कळलं, पण दारूचं काय? ती काय फ्रान्सचे लोक ऑफिसात बसून पितात?

त्रिअरकर
शंकेखोर, ऑफिसात नाही पीत हो, डिकीत घालून घरी नेतात.

मनीताई, तुमच्या आकड्यांमधलं भूत म्हणजे मीच. राहतो जर्मनीत त्रिअरला, नोकरी लक्झेंबर्गला, सात वर्षं झाली. गाडी कंपनीची, तिची नंबरप्लेट लक्झेंबर्गची पिवळी, पण रात्री उभी असते माझ्या घराखाली. हजारी पावणेसातशेतली एक ही, आणि माझ्यासारखे ढीगभर आहेत. टाकी भरतो लक्झेंबर्गच्या हद्दीतच, स्वस्त पडते म्हणून, म्हणजे ते तेल जळतं जर्मनीच्या रस्त्यावर पण धूर लागतो लक्झेंबर्गच्या नावावर.

शनिवारी वासरबिलिगला येऊन बघा एकदा. मोझेल नदीवरचं सीमेवरचं छोटंसं गाव, जर्मनमध्ये बिलिग म्हणजे स्वस्त, त्यामुळे नावावरूनच विनोद ठरलेले. एकाला लागून एक पेट्रोलपंप आणि प्रत्येकाच्या दुकानात दारातच काय असेल तर कॉफीची थप्पी. अर्धा किलोची पाकिटं, छातीपर्यंत रचलेली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं पेट्रोलपंपावर एवढी कॉफी कोण पितं, मग कळलं की जर्मनीत कॉफीवर वेगळा कर आहे, भाजलेल्या कॉफीला किलोमागे २ युरो १९ सेंट, तो इथे नाही. त्यामुळे जर्मन आजोबा टाकी भरणार, एक जादाचा कॅन भरणार, आठ पाकिटं कॉफी, सिगरेटचे दोन कार्टन आणि एक बाटली घेणार आणि पूल ओलांडून घरी. या सगळ्याचा खप कागदावर लक्झेंबर्गच्या लोकांचा. तिथल्या एखाद्या आजीबाई दिवसाला एक कप पीत असतील बिचाऱ्या.

बांद्याचो_बाबलो
ह्यात नवीन काय ता सांगा! आमी पेट्रोल भरूक पत्रादेवीक जातंव. बांद्यातसून गाडी काढली की पाच-धा मिनटात गोंय. थयसर पंपार रांगेत बघलास तर अर्धे आमच्या सिंधुदुर्गाचे एमएच-०७. आणि बाटलेचा विचारू नकात.

आता गंभीरपणे. गोवा ३,७०२ चौरस किमी, म्हणजे लक्झेंबर्गपेक्षा चांगलाच मोठा, आणि आमचा सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७, म्हणजे दोन लक्झेंबर्ग मावतील. गोव्यात विकलेली सगळी दारू गोंयकारांच्या डोक्याने भागली तर काय चित्र दिसेल? आणि ती पितात कोण, तर पुण्या-मुंबईची तुमच्यासारखी सज्जन माणसं, वीकेंडला येऊन.

चहाबाज
बाबल्या, सज्जन हा शब्द मागे घे, नवरा पण वाचतो हे :-)

मोझेलकाठी
मी लक्झेंबर्गमध्येच राहते, नऊ वर्षं झाली, त्यामुळे मनीताईंचा मूळ प्रश्न मी घेते, बाकीच्यांनी पंपावरून परत या.

फुकट बस खरीच फुकट आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून. तिकीट नाही, कार्ड नाही, यंत्राला काही टेकवायचं नाही, पुढचं-मागचं कुठलंही दार उघडलं की चढायचं. पर्यटकालाही तेच. फक्त ट्रेनचा पहिला वर्ग विकत. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला मी दहादा सांगितलं, तरी ती बसमध्ये चढली की मुठीत दोन युरोचं नाणं घट्ट धरून बसायची, कंडक्टर आला आणि सापडलं नाही तर काय. तीन आठवडे नाणं तेच. परत जाताना विमानतळावर मला म्हणाली हे घे, कुणी मागितलंच नाही. अजून ठेवलंय मी ते देवाच्या ताम्हनात.

आता तिकीट काढून टाकणं त्यांना परवडलं कारण तिकिटातून येत होते वर्षाला ४ कोटी १० लाख युरो आणि खर्च होता ५० कोटींच्या घरात. म्हणजे दहा टक्केही नाही. बाकीचं आधीपासून करातूनच चाललं होतं. पण फुकट केलं म्हणून लोकांनी गाड्या विकल्या असं काही झालं नाही. सकाळी साडेसातला हायवे बघा, पुण्याच्या हिंजवडी रस्त्याची आठवण येते, फक्त हॉर्न वाजत नाही.

भाषा हा खरा विषय. बेकरीत सकाळी गेलात की मोयेन म्हणायचं, म्हणजे नमस्कार, तो दिवसभर कधीही चालतो. पुढचं बोलणं बहुतेक फ्रेंचमध्ये, कारण काउंटरवरची मुलगी फ्रान्समधून पहाटेच्या ट्रेनने आलेली असते. आभार मानायचे ते फ्रेंच मेर्सी, आणि निघताना लक्झेंबर्गिश एडी. राष्ट्रभाषा एकच, लक्झेंबर्गिश, १९८४ च्या कायद्याने, आणि सरकारी कामाला फ्रेंच, जर्मनही चालतात. कायदे फ्रेंचमध्ये लिहिलेले असतात. मला नगरपालिकेतून पहिलं पत्र फ्रेंचमध्ये आलं, त्याच्या मागच्या बाजूला तेच जर्मनमध्ये, आणि खिडकीवरच्या बाईंनी मला लक्झेंबर्गिशमध्ये समजावलं, मी उत्तर इंग्लिशमध्ये दिलं, काम पंधरा मिनिटांत झालं.

मुलांच्या शाळेबद्दल नंतर लिहिते, वरण उतू जातंय.

शंकेखोर
देवाच्या ताम्हनात दोन युरो हे आवडलं, पण मुद्दा तसाच राहतो. सीमेपलीकडच्याला फुकट आहे का? नसेल तर ज्यांच्यामुळे गर्दी होते त्यांनाच तिकीट, असं झालं की.

त्रिअरकर
हो, सीमेपर्यंतच फुकट. वासरबिलिगपासून त्रिअरपर्यंतचं तिकीट मला काढावंच लागतं. पण तेवढाच प्रश्न नाही. घरून काम करायचे दिवसही मोजावे लागतात. करासाठी वर्षाला ३४ दिवसांची सूट आहे, त्यापुढे गेलं की घरून केलेल्या सगळ्या कामावर जर्मनी कर मागणार. माझ्या फ्रिजवर कॅलेंडर आहे त्यात मी घरी बसलेल्या दिवसांवर फुल्या मारतो. बायको दूधवाल्याचे खाडे मांडते तसे मी माझे. भाडं इकडे निम्म्याच्या आसपास पडतं म्हणून हे सगळं करायचं.

निवांत_नाना
थोडं अवांतर, पण इतिहास माहीत नसला तर हे विचित्र वाटेल. हा देश बँकांनी श्रीमंत झाला असं सगळे म्हणतात, त्याच्या आधी तो लोखंडाने झाला. दक्षिणेकडे एश्, दिफेर्दांज वगैरे लाल मातीचा पट्टा आहे, खाणी आणि पोलाद. सत्तरच्या दशकात पोलादाचं संकट आलं आणि मग बँका. त्यांची आर्बेड नावाची मोठी पोलाद कंपनी २००२ मध्ये आर्सेलर झाली आणि २००६ मध्ये लक्ष्मी मित्तल यांनी ती घेतली, मुख्यालय अजून लक्झेंबर्ग शहरातच आहे. त्याच पट्ट्यात बेलव्हालला जुन्या भट्ट्या तशाच उभ्या ठेवून भोवती विद्यापीठ वसवलंय. आपल्याकडे गिरण्या गेल्या तिथे काय आलं ते आठवून जरा वाईट वाटलं.

दुसरं, हे जगातलं एकुलतं एक उरलेलं ग्रँड ड्यूकचं राज्य. ३ ऑक्टोबर २०२५ ला आन्री यांनी गादी सोडली, मुलगा गियोम बसला. आमच्या सावंतवाडीएवढं संस्थान आहे, फरक इतकाच की विलीन झालं नाही.

बांद्याचो_बाबलो
नानानु, सावंतवाडीचा नाव खयंय घेतल्याशिवाय तुमका जेवण जात नाय.

मोझेलकाठी
आले परत. शाळा.

इथे सरकारी शाळेत मूल आधी लक्झेंबर्गिश बोलायला लागतं, पहिलीपासून लिहा-वाचायला शिकतं जर्मनमध्ये, मग फ्रेंच, आणि प्राथमिकला गणित जर्मनमधून असतं ते माध्यमिकला गेलं की फ्रेंचमधून. घरी मराठी. माझ्या लेकीची या सगळ्यात गंमत झाली. जर्मनमध्ये पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, एकक आधी दशक मागून, बाकीच्या पोरांची त्यावर भंबेरी उडते पण तिला काही विशेष वाटलं नाही, कारण मराठीत पंच-वीसच म्हणतो आपण. मग फ्रेंच आलं. तिथे सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. ती रडायला लागली. मी फोनवर माझ्या बाबांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, अगं त्यात काय, आमचे आजोबा बाजारात असंच मोजायचे, चार विसा आणि सतरा. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात जाऊन सांगितलं की माझे खापरपणजोबा फ्रेंच बोलायचे.

मनीताई, तुमच्या धाकट्याला काही अडचण नाही, ४ वर्षांचं पोर सहा महिन्यांत पोर्तुगीजसुद्धा उचलेल, कारण वर्गात पोर्तुगीज मुलं भरपूर असतात, परदेशी नागरिकांत सगळ्यात मोठा गट त्यांचाच. थोरल्याचा विचार करा. ९ व्या वर्षी एकदम जर्मनमधून सगळं, हे अवघड जातं. त्यासाठी सरकारी आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, दिफेर्दांज, मोंदोर्फ, युंगलिन्स्टर वगैरेला, तिथे इंग्लिश माध्यमही असतं आणि फी नाही. जागा मिळणं हा वेगळा विषय, आल्या आल्या नाव घाला. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, सरकारी प्राथमिक शाळा मंगळवार-गुरुवार दुपारी बंद असते. दोघं नोकरी करणार असाल तर पाळणाघर आधी, घर नंतर.

हो, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी १२ ला देशभर भोंगे वाजतात. चाचणी असते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी बाळाला घेऊन जिन्याखाली जाऊन बसले होते आणि शेजारच्या काकू कचरा टाकायला चालल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मोयेन म्हटलं.

चहाबाज
जिन्याखाली, हाहाहा. दंडवत घ्या ताई.

खिडकीतली_मनी
बापरे, केवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. कॉफीच्या थप्पीचं वाचून नवरा पण हसला. आता खरा प्रश्न, घर. ऑफरमधला आकडा भारतातून बघताना डोळे दिपतात, पण तो किती पुरतो?

मोझेलकाठी
इथेच सगळं अडतं. आम्ही राजधानीपासून २० मिनिटांवर, दोन बेडरूमला २,००० च्या वर देतोय, आणि हे जुनं भाडं आहे म्हणून. आमच्या आधीच्या घरमालकाने तर घर सोडताना भिंतीवर फोडणीचा वास आहे म्हणून डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले होते, वासाचं बिल कसं काढतात ते मला आजवर कळलेलं नाही.

किमान वेतन २०२५ मध्ये महिन्याला २,७०० युरोच्या आसपास होतं, युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात वरचं, पण राजधानीत त्यात एकट्या माणसाचं भाडं आणि जेवण कसंबसं निघतं. मग ते लोक सीमेपलीकडे जातात. आता तर लक्झेंबर्गचेच मूळ लोक जर्मनीत-बेल्जियममध्ये घरं घेऊन परदेशी कामगारासारखे रोज आपल्याच देशात कामाला येतात.

आकडेमोडे
याला जोडून, चांगली बाजू पण सांगायला हवी. तिथे पगाराला इंडेक्स असतो. महागाईचा निर्देशांक अडीच टक्के सरकला की देशातल्या प्रत्येकाचा पगार आणि पेन्शन अडीच टक्के वाढतं, कायद्याने. आपल्या सरकारी महागाई भत्त्यासारखं, पण खासगीतल्यालाही, हॉटेलात भांडी घासणाऱ्यालाही. रजा वर्षाला किमान २६ दिवस आणि ११ सार्वजनिक सुट्ट्या. तरीसुद्धा नोकरी असूनही गरीब अशा लोकांचं प्रमाण युरोपियन युनियनमध्ये वरच्या देशांत लागतं, आणि हा आकडा मात्र दरडोईसारखा फसवा नाही बरं का, कारण तो तिथे राहणाऱ्यांनाच विचारून काढतात. म्हणजे गंमत बघा, ज्या देशाचा सरासरी आकडा जगात वर, तिथे भाडं भरून हातात काय उरतं हे विचारलं की चित्र वेगळं.

शंकेखोर
आता माझी खरी शंका. देशात राहणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांच्या आसपास परदेशी, राजधानीत तर ७० टक्के. वरून सव्वादोन लाखांच्या वर रोज येणारे. मग मत कोण देतं?

निवांत_नाना
नागरिक. आणि त्यांना सक्तीचं आहे, वयाच्या ७५ पर्यंत मतदान टाळता येत नाही. ६० जणांची संसद. २०१५ मध्ये परदेशी रहिवाशांना संसदेसाठी मत द्यावं का यावर सार्वमत घेतलं, ७८ टक्के लोक नाही म्हणाले. नगरपालिकेला मात्र परदेशी मत देऊ शकतात. त्यांचं राष्ट्रीय वाक्यच आहे, आम्ही जे आहोत तेच राहू इच्छितो. यावर मी काही बोलत नाही, धागा भरकटेल.

शंकेखोर
नाना, भरकटू द्या की थोडा. ज्यांच्या कष्टावर चाललंय त्यातल्या बहुतेकांना मत नाही, आणि ज्यांना आहे त्यातले बरेच सरकारी नोकरीत. हे काय आहे?

मोझेलकाठी
शंकेखोर, अर्धं बरोबर बोलताय. पण दार बंद नाहीये. पाच वर्षं राहिलं आणि लक्झेंबर्गिशची परीक्षा दिली की नागरिकत्व मिळतं, तेही बोलण्या-ऐकण्याचीच परीक्षा, लिहायचं नाही. शिकायला नोकरीतून २०० तासांची पगारी रजा मिळते. मी दिली. तोंडी परीक्षेत मला एक चित्र दाखवलं, त्यात जत्रा होती, मी शुएबरफुअरबद्दल सुरू झाले. १३४० पासून भरणारी राजधानीतली जत्रा, ऑगस्टअखेरीस असते. तिथे किसलेल्या बटाट्याची कांदा घालून तळलेली चपटी वडी मिळते, ग्रोम्परेकिशेल्शर, सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर खातात. मी परीक्षकबाईंना म्हटलं आमच्याकडे याचा मोठा भाऊ असतो, तो गोल असतो आणि पावात बसतो. त्या हसल्या, पास झाले.

चहाबाज
बटाटावड्याने नागरिकत्व दिलं. भारतीय नागरिकत्व सोडलंत मग? दुहेरी आपल्याकडे चालत नाही ना.

मोझेलकाठी
सोडलं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, ते काढलं. त्या दिवशी पासपोर्टवर रद्दचा शिक्का बसला आणि घरी येऊन मी उगाचच पिठलं-भाकरी केली. यावर जास्त नको.

त्रिअरकर
मनीताई, कळवायची तारीख जवळ आली असेल. माझं एकच, पगाराचा आकडा दरडोईच्या यादीशी लावू नका. भाडं, पाळणाघर, आणि थोरल्याच्या शाळेत जागा आहे का, या तीन गोष्टी कंपनीला विचारा. तिन्ही जमलं तर या, मोझेलच्या काठाने फिरायला जाऊ. शेन्गेनला नेतो, तेच ते व्हिसावालं. द्राक्षमळ्यातलं एवढंसं गाव आहे, देशांमधल्या सीमेवरची तपासणी काढून टाकायचा १९८५ चा करार तिथे नदीतल्या बोटीवर झाला. ज्या नावापायी आपण फॉर्म भरून भरून दमतो ते गाव बघायला दहा मिनिटं पुरतात.

बांद्याचो_बाबलो
आणि येताना कॉफी हाडा.

खिडकीतली_मनी
(पाच महिन्यांनी) धागा वर काढतेय, सॉरी. आलो आम्ही. थोरल्याला आंतरराष्ट्रीय शाळेत जागा मिळाली, अर्ध्या तासाची बस आहे, फुकट. घर मिळायला अडीच महिने लागले, तोवर एका खोलीत चौघं. नवऱ्याने गाडी घ्यायची नाही असं ठरवलं होतं, मागच्या आठवड्यात घेतली, म्हणजे हजारी पावणेसातशेत आमची पण एक. शनिवारी वासरबिलिगला गेलो होतो, कॉफीची थप्पी खरंच छातीपर्यंत आहे, मोझेलकाठीताईंबरोबर फोटो काढलाय.

आज महिन्याचा पहिला सोमवार. सगळं वाचलेलं असूनही माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. बरोबर १२ ला भोंगा सुरू झाला तेव्हा मी ओट्याशी उभी, कुकर गॅसवर, आणि छातीत धस्स झालं. धाकट्याला सर्दी म्हणून तो घरी होता. तो खेळण्यातून मान वर न करता म्हणाला, आई, तीन झाल्या की बंद कर.